पालकाची जुडी आणि ७७ केल्विन: प्रकाशसंश्लेषणातली ऊर्जा कुठे जाते हे पहिल्यांदाच मोजणाऱ्यांसाठी

आधी घरी करण्यासारखं एक काम. पालकाची चार पानं खलबत्त्यात कुटा, सर्जिकल स्पिरिटमध्ये दहा मिनिटं मुरू द्या आणि गाळणीवर कापड टाकून गाळा. खोलीत अंधार करून त्या हिरव्या पाण्यावर नोटा तपासायचा जांभळा टॉर्च बाजूने मारा. पाणी रक्तासारखं लाल दिसेल. आता तोच टॉर्च अख्ख्या पानावर मारा. जवळजवळ काहीच दिसत नाही.

क्लोरोफिल दोन्हीकडे तेच. स्पिरिटमध्ये मात्र प्रत्येक रेणू एकटा पडलेला असतो. मिळालेली ऊर्जा द्यायला शेजारी कुणी नाही, म्हणून तिचा बराचसा भाग तो लाल प्रकाश म्हणून टाकून देतो. पानात ती हातोहात पुढे जाते आणि रिॲक्शन सेंटरमध्ये, म्हणजे जिथे प्रत्यक्ष रसायन होतं त्या प्रथिनसंचात, कामाला लागते. प्रकाश होऊन परत येते ती एखाद-दोन टक्के. या परत येणाऱ्या प्रकाशाला पाठ्यपुस्तकात प्रतिदीप्ती आणि लॅबमध्ये फ्लुओरेसन्स म्हणतात. आपण तोच मोजणार आहोत.

मी वनस्पतिशास्त्रातून आलेली. स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या पलीकडचं कुठलंही यंत्र पीएचडीला लागेपर्यंत हाताळलं नव्हतं. पहिल्या वर्षात जेवढं चुकता येतं तेवढं चुकले, म्हणून हे लिहितेय. तुमच्याकडे शोषण मोजायचं यंत्र, एक बरा फ्लुओरिमीटर (फ्लुओरेसन्स मोजायचं यंत्र), थंड सेंट्रिफ्यूज आणि द्रव नायट्रोजन असेल, तर खालचं सगळं दोन दिवसांत होतं.

## १. यंत्राकडे जाण्याआधी प्रश्न नीट ठरवा

शोषण वर्णपट, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला याचा आलेख, सांगतो की प्रकाश कोणी खाल्ला. तो पुढे कोणाला दिला हे तो सांगत नाही. नवीन माणूस हमखास इथे घसरतो: सुंदर शोषण वर्णपट काढतो आणि त्यावरून ऊर्जेच्या प्रवासाची गोष्ट रचतो.

प्रवास पाहायचा तर एकाला हाक मारायची आणि ओ कोण देतो ते ऐकायचं. पानातल्या क्लोरोफिलच्या दोन प्रकारांपैकी क्लोरोफिल-बी जो निळा प्रकाश खातो तो टाकायचा आणि क्लोरोफिल-ए ज्या तरंगलांबीला चमकतं तिथे मोजायचं. ए चमकलं, तर ऊर्जा बीकडून एकडे गेली.

हे शेजारी किती असतात याचा अंदाज १९३२ मध्ये इमर्सन आणि अर्नोल्ड यांनी क्लोरेला शैवालावर प्रकाशाचे क्षणिक झोत टाकून काढला. एका झोतात ऑक्सिजनचा एक रेणू निघतो तो सुमारे २,४०० क्लोरोफिल रेणूंमागे. म्हणजे बहुतेक क्लोरोफिल स्वतः रसायन करतच नाही. ते अँटेना आहे, नुसतं गोळा करून पुढे देणारं.

## २. सामान

- ताजा पालक, एक जुडी, आदल्या रात्रीपासून अंधारात आणि थंडीत ठेवलेला
- बफर: ०.३३ मोलर सॉर्बिटॉल, २० मिलिमोलर ट्रायसिन (पीएच ७.८), १० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड
- तोच बफर, सॉर्बिटॉल वगळून
- मलमल, चार पदरी घडी करण्याइतकी
- ॲसिटोन, ग्लिसरॉल, ट्रायटन एक्स-१००
- काचेच्या किंवा क्वार्ट्झच्या क्युव्हेट, म्हणजे नमुना ठेवायच्या चौकोनी नळ्या (प्लॅस्टिकच्या का नकोत ते पुढे)
- बारीक काचेच्या नळ्या आणि फ्लुओरिमीटरमध्ये बसणारा क्वार्ट्झचा ड्यूअर (थर्मॉससारखं दुहेरी भिंतीचं भांडं)
- द्रव नायट्रोजन, गॉगल, जाड सैल हातमोजे

पालकाबद्दल एक गंमत, जी मला कोणी सांगितली नव्हती. परदेशी शोधनिबंधांतला स्पिनच म्हणजे स्पिनासिया ओलेरासिया. आपल्या मंडईत पालक म्हणून मिळते ती भाजी बऱ्याचदा बीटची भावंड असते, बीटा व्हल्गॅरिस. स्पिनासियाला आपल्याकडे विलायती पालक म्हणतात. या प्रयोगाला दोन्ही चालतात, पण वहीत नाव खरं लिहा.

द्रव नायट्रोजन कुठून आणायचा म्हणून घाबरू नका. गावाकडे गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्यकाच्या मोटारसायकलवर जो कॅन असतो, त्यात हाच असतो. मात्र बंद खोलीत तो सांडू नका, कारण तो उकळून हवेतला ऑक्सिजन बाजूला सारतो आणि गुदमरल्याचं कळतही नाही. कॅनचं झाकण कधीही घट्ट लावायचं नाही. घट्ट बंद केलेली नळी त्यात बुडवायची नाही, ती बाहेर काढल्यावर फुटू शकते.

## ३. थायलाकॉइड काढा

थायलाकॉइड म्हणजे क्लोरोप्लास्टच्या आतले क्लोरोफिल असलेले पापुद्रे. सगळं बर्फात, मंद हिरव्या दिव्यात. पानांचे देठ आणि जाड शिरा काढा. ५० ग्रॅम पानांना २०० मिलिलिटर गार बफर घाला आणि मिक्सर दोन-तीन सेकंदच फिरवा, तेही दोनदा. चटणी वाटायची नाही. जास्त फिरवलं की फेस येतो, फेसात प्रथिनं बिघडतात.

मलमलीतून गाळा. ३०० जीला (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाची पट) एक मिनिट फिरवून खाली बसलेला कचरा टाका. वरचं हिरवं पाणी ३,००० जीला पाच मिनिटं फिरवा. तळाला बसेल ते क्लोरोप्लास्ट. त्यात सॉर्बिटॉल नसलेला बफर घालून मऊ रंगाच्या कुंचल्याने हलकेच कालवा. क्लोरोप्लास्ट पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि थायलाकॉइड मोकळे होतात. पुन्हा फिरवा, मग मूळ बफरच्या एक-दोन मिलिलिटरमध्ये घ्या.

इथला सापळा आरपीएमचा. शोधनिबंधात जी लिहिलेलं असतं आणि सेंट्रिफ्यूजवर बटण आरपीएमचं असतं. तुमच्या रोटरच्या त्रिज्येवरून हिशेब करा, शेजारच्या लॅबचा आकडा उचलू नका.

## ४. क्लोरोफिल मोजा, आणि खरंच मोजा

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

२० मायक्रोलिटर नमुना, १८० मायक्रोलिटर पीएच ७.८चा फॉस्फेट बफर आणि ८०० मायक्रोलिटर ॲसिटोन. म्हणजे ८० टक्के ॲसिटोन आणि ५० पट पातळ. हलवा, दोन मिनिटं फिरवा, वरचं पाणी मोजा. तीन आकडे घ्यायचे: ६६३.६, ६४६.६ आणि ७५० नॅनोमीटरला. ७५०चा आकडा म्हणजे गढूळपणा, तो दोन्हींतून वजा करा. मग पोरा यांचं १९८९चं सूत्र:

क्लोरोफिल-ए = १२.२५ × (६६३.६चं शोषण) − २.५५ × (६४६.६चं शोषण)
क्लोरोफिल-बी = २०.३१ × (६४६.६चं शोषण) − ४.९१ × (६६३.६चं शोषण)

उत्तर मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये येतं. समजा ६६३.६ला ०.६० आणि ६४६.६ला ०.२६ आलं. ए ६.६९, बी २.३३, बेरीज ९.०२. गुणिले ५०, म्हणजे मूळ नमुन्यात सुमारे ४५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. ए आणि बीचं प्रमाण २.९. हे तीनच्या आसपास आलं की समजा गाडी रुळावर आहे.

आपल्याकडच्या बऱ्याच प्रॅक्टिकलच्या वह्यांत अजून अर्नोन यांचं १९४९चं सूत्र असतं. ते मॅकिनी यांच्या १९४१च्या गुणांकांवर बेतलेलं आहे आणि त्याने ए-बीचं प्रमाण चुकतं. एकूण क्लोरोफिलचा ढोबळ अंदाज हवा असेल तर चालेल. आपल्याला ढोबळ नकोय.

प्लॅस्टिकच्या क्युव्हेटबद्दल: ॲसिटोन पॉलिस्टायरीन विरघळवतं. पहिल्या दिवशी मी वाचन घेत होते आणि शोषण मिनिटागणिक चढत होतं. क्लोरोफिल वाढतंय कसं याचा विचार करत मी चार वाचनं टिपली. लॅबमधल्या काकांनी येऊन क्युव्हेट उचलून उजेडात धरली. तिची भिंत दुधी झाली होती, दह्याच्या डब्यासारखी. “मॅडम, काच वापरा,” एवढंच म्हणाले.

दुसरा शत्रू आम्ल. पालेभाजी शिजवताना झाकण ठेवू नये, नाहीतर काळपट होते, हे घरात ऐकलंय ना? झाकणाखाली कोंडलेलं आम्ल क्लोरोफिलच्या मधलं मॅग्नेशियम काढून टाकतं आणि फिओफायटिन उरतं. पालकात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असल्यामुळे नळीतही हेच होतं. बफर घालायचं कारण तेच. द्रावण शेवाळी-तपकिरी दिसायला लागलं किंवा ५३५ नॅनोमीटरजवळ नवा उंचवटा आला, तर ते ओता आणि नवीन करा.

## ५. शोषण वर्णपट: एकदा काढा, पण भुलू नका

थायलाकॉइड बफरमध्ये पातळ करून ४०० ते ७५० काढा. लाल शिखर ६७८ नॅनोमीटरच्या आसपास दिसेल. ॲसिटोनमध्ये तेच ६६३ला होतं. ही सरक म्हणजे यंत्राचा दोष नाही. प्रथिनांच्या कुशीत आणि शेजाऱ्यांच्या संगतीत क्लोरोफिलची पातळी बदलते. ६५०ला खांदा दिसतो तो क्लोरोफिल-बीचा.

थायलाकॉइडचे कण प्रकाश विखुरतात, त्यामुळे ७५०ला रेषा शून्यावर येत नाही. इंटिग्रेटिंग स्फिअर (विखुरलेला प्रकाशही गोळा करणारा पोकळ गोळा) असेल तर वापरा. नसेल तर क्युव्हेट डिटेक्टरच्या शक्य तितकी जवळ ठेवा आणि उंचीबद्दल फार ठाम बोलू नका.

## ६. गोठवा: ७७ केल्विनला कोण ओ देतं?

खोलीच्या तापमानाला थायलाकॉइडचं उत्सर्जन म्हणजे ६८५ला एक शिखर आणि ७४०कडे एक लोळलेला खांदा. त्यात फोटोसिस्टिम-१ आणि २, म्हणजे रिॲक्शन सेंटर आणि त्याची अँटेना मिळून होणारे दोन संच, वेगळे काढणं अवघड. द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांना, शिखरं अरुंद होतात. फोटोसिस्टिम-१च्या कमी ऊर्जेच्या क्लोरोफिलमध्ये येऊन पडलेली ऊर्जा गरमपणाअभावी वर चढू शकत नाही, मग ती तिथूनच प्रकाश होऊन बाहेर येते. दिसतं ते असं:

- ६८५: फोटोसिस्टिम-२, मुख्यतः सीपी४३ या प्रथिनातून
- ६९५: फोटोसिस्टिम-२, सीपी४७मधून
- ७३५: फोटोसिस्टिम-१

कृती: क्लोरोफिल ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरवर आणा. वरच्या उदाहरणात एका मिलिलिटरला ११ मायक्रोलिटर. बफरमध्ये ६० टक्के ग्लिसरॉल घाला, म्हणजे गोठल्यावर बर्फाचा चुरा न होता काचेसारखं पारदर्शक राहतं. दहा मिनिटं अंधारात ठेवा. गोठवण्याच्या क्षणी नमुना ज्या अवस्थेत असतो तीच अवस्था अडकते, म्हणून ही दहा मिनिटं प्रत्येक नळीला सारखीच द्या. मग नळी बुडवा. सळसळ थांबेपर्यंत थांबा, ड्यूअर बसवा, ४३६ला एक्सायटेशन (आत टाकायचा प्रकाश) ठेवा आणि ६५० ते ८०० मोजा. एमिशनची (बाहेर येणाऱ्या प्रकाशाची) फट २-३ नॅनोमीटर ठेवा. रुंद ठेवली तर ६८५ आणि ६९५ एकमेकांत मिसळतात. पावसाळ्यात ड्यूअरवर दव धरतं. कोरड्या नायट्रोजनचा बारीक झोत सोडा, नाहीतर दर दोन मिनिटांनी पुसत बसाल.

आता माझी मोठी चूक. पहिले सात आठवडे माझं ७३५चं शिखर ६८५च्या तिप्पट येत होतं, आणि ज्या पानांना मी जास्त ऊन दिलं होतं त्यांच्यात आणखी मोठं. ऊन मिळालं की ऊर्जा फोटोसिस्टिम-१कडे वळते, असं मी आलेखासकट लिहून सरांना दाखवलं. सरांनी एकच विचारलं, “पातळ करून पाहिलंस का?” पाहिलं. दहापट पातळ केलं आणि शोध विरघळला.

झालं होतं असं: ६८५ला निघालेला प्रकाश नळीतून बाहेर पडण्याआधी शेजारचं क्लोरोफिल पुन्हा खात होतं, कारण तिथे त्याचं शोषण जोरात असतं. ७३५ला शोषण जवळजवळ नाही, त्यामुळे तो प्रकाश सुखरूप बाहेर. दाट नमुन्यात ६८५ मार खातं आणि ७३५ फुगल्यासारखं वाटतं. उन्हातल्या पानांचे नमुने योगायोगाने जास्त दाट होते, एवढंच. मी क्लोरोफिल न मोजता “साधारण तेवढ्याच हिरव्या” रंगावर नळ्या भरत होते.

म्हणून नियम: नमुना निम्म्याने पातळ करा, पुन्हा मोजा. दोन्ही वर्णपट एका उंचीवर आणल्यावर तंतोतंत बसले पाहिजेत. बसत नसतील तर अजून पातळ करा.

एका उंचीवर आणणं हाही सापळाच. ६८५ला जुळवलं आणि ७३५ वाढलेलं दिसलं, तर ७३५ वाढलं की ६८५ घटलं? निव्वळ गुणोत्तर ते सांगत नाही. त्यासाठी प्रत्येक नळीत फ्लुओरेसिनसारखा परका रंग ठरावीक थेंबभर घालतात आणि त्याच्या शिखराशी जुळवतात.

## ७. आता उलटं करा: एक्सायटेशन वर्णपट

खरा ऊर्जाप्रवास इथे दिसतो, आणि नवीन लोक नेमकी हीच पायरी गाळतात. एमिशन ७३५ला खिळवा आणि एक्सायटेशन ४०० ते ७०० फिरवा. मग एमिशन ६८५ला खिळवून ४०० ते ६६० फिरवा. जिथे जिथे हाक मारल्यावर ओ आली, तिथे तिथे शिखर. ४७५ला उंचवटा आला तर क्लोरोफिल-बीने खाल्लेला प्रकाश क्लोरोफिल-एपर्यंत पोचला. ६८५च्या वर्णपटात हा उंचवटा तुलनेने ठळक असतो, कारण बी जास्त करून फोटोसिस्टिम-२च्या अँटेनात बसलेलं असतं.

ही युक्ती जुनी आहे. १९४३ मध्ये डटन, मॅनिंग आणि डगर यांनी नित्झ्शिया या डायटमवर (एकपेशीय शैवालावर) असंच केलं. फ्युकोझँथिन या तपकिरी रंगद्रव्याने प्रकाश खाल्ला आणि चमकलं क्लोरोफिल. ऊर्जा एका रंगद्रव्याकडून दुसऱ्याकडे जाते याचा तो अगदी सुरुवातीचा स्वच्छ पुरावा.

किती टक्के गेली हे काढायचं तर एक्सायटेशन वर्णपट शोषणाशी नव्हे, शोषलेल्या प्रकाशाच्या हिश्श्याशी ताडा. हा हिस्सा म्हणजे १ उणे पारगमन (आरपार गेलेला हिस्सा). दोन्ही लाल शिखरावर जुळवा. क्लोरोफिल-बीच्या जागी ते जवळजवळ एकावर एक बसतात. कॅरोटिनॉइड या पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यांच्या भागात एक्सायटेशन खाली राहतं, कारण कॅरोटिनॉइडची सगळी ऊर्जा पोचत नाही.

एक भूत मात्र इथे नक्की भेटेल. झेनॉन दिव्याला स्वतःच्या टोकदार रेषा असतात आणि त्यांतली एक ४६७ नॅनोमीटरला, म्हणजे नेमकी बीच्या अंगणात. दुरुस्ती न करता काढलेल्या वर्णपटात ती सुईसारखी उभी राहते. रेफरन्स डिटेक्टरने भागाकार करणारा पर्याय चालू आहे का, ते आधी बघा. दिवा लावून अर्धा तास तरी झालेला असू द्या.

## ८. दोन पडताळण्या, ज्यांच्याशिवाय कुणाला काही दाखवू नका

मॅग्नेशियम: अर्धा नमुना मॅग्नेशियम नसलेल्या, कमी क्षारांच्या बफरमध्ये धुऊन घ्या. थायलाकॉइडच्या चळती सुटतात, दोन्ही फोटोसिस्टिम जवळ येतात आणि ऊर्जा २कडून १कडे सांडते. ७७ केल्विनला ७३५ वाढतं, ६८५ घटतं. मुराता यांनी १९६९ मध्ये पालकावरच हे दाखवलं. तुमच्या हातून हा फरक दिसत नसेल, तर तुमची नळी अजून फरक दाखवण्याच्या लायकीची नाही.

ट्रायटन: खोलीच्या तापमानाला पातळ नमुन्यात एक टक्का ट्रायटन घाला, ४७५ने हाक मारा. प्रथिनं उलगडतात, शेजारी पांगतात. काही मिनिटांत ६८५चं शिखर डावीकडे सरकतं, एकूण चमक वाढते आणि ६५५च्या आसपास बी स्वतःच ओ द्यायला लागतं. सुरुवातीची स्पिरिटची बाटली आणि पान यांतला फरक इथे वर्णपटात उमटतो.

## ९. घड्याळ लावायचं असेल तर

इथवर ऊर्जा कुठे गेली ते कळलं. किती वेळात, ते कळायला लेझरचे क्षणिक ठोके आणि एकेक फोटॉन मोजणारी यंत्रणा लागते. ती बहुधा दुसऱ्या विभागात असते आणि वेळ आठवड्यातून एखादी सकाळ मिळते. जाताना हे आकडे डोक्यात असू द्या: द्रावणातल्या एकट्या क्लोरोफिल-एची चमक पाच-सहा नॅनोसेकंद टिकते, रिॲक्शन सेंटर बंद (नवी ऊर्जा कामाला लावू न शकणारी) असलेल्या पानात दीड-दोन, आणि सेंटर उघडी असतील तर अर्ध्या नॅनोसेकंदाहूनही कमी. उघड्या सेंटरचा आकडा हवा असेल तर लेझर अगदी मंद ठेवा आणि नमुना ढवळत ठेवा, नाहीतर मोजता मोजता तुम्हीच सेंटर बंद कराल. बंदचा आकडा हवा असेल तर डीसीएमयू, म्हणजे तणनाशकातलं डाययुरॉन, घाला आणि उजेड द्या.

काही जण या विषयात क्वांटमच्या बातम्या वाचून येतात. हिरव्या गंधक जीवाणूंच्या एफएमओ या ऊर्जा पुढे पोचवणाऱ्या प्रथिनात २००७ मध्ये ७७ केल्विनला ६६० फेमटोसेकंद टिकणारी स्पंदनं दिसली आणि निसर्ग क्वांटम गणित करतो अशी हवा झाली. २०१७ मध्ये खोलीच्या तापमानाला मोजलं तेव्हा इलेक्ट्रॉनिक सुसंगती (क्वांटम लहरींचा एकताल) ६० फेमटोसेकंदांच्या आसपासच विरते असं दिसलं, आणि आधीच्या लांब स्पंदनांचं श्रेय आता मुख्यतः रेणूंच्या कंपनांना दिलं जातं. विषय अजूनही रंगतदार आहे. मुलाखतीत मात्र २००७ वर थांबू नका, समोरच्यांनी पुढचं वाचलेलं असतं.

त्या सकाळी नेताना थायलाकॉइड त्याच दिवशी पहाटे काढलेले, बर्फात आणि फॉइलमध्ये गुंडाळलेले असू द्या. सोबत यंत्राचा स्वतःचा प्रतिसाद मोजायला सिलिकाचं कोलॉइड, बफरची रिकामी नळी आणि क्लोरोफिलचा आकडा लिहिलेली चिठ्ठी. उरलेली अर्धी जुडी लॅबच्या फ्रिजमध्ये गेली असेल तर ती घरी भाजीला आणू नका.